खुर्च्या किती, लेन किती?

नाशिकमध्ये आंतरराष्ट्रीय दर्जाचे स्टेडियम आजवर कितीतरी वेळा बांधून झाले आहे; भाषणात. निवडणुकीचा हंगाम आला की त्याची जागा ठरते, खर्चाचा आकडा ठरतो, आणि ‘इतक्या हजार प्रेक्षकांची आसनक्षमता’ हे शब्द टाळ्या घेऊन जातात. हंगाम सरला की जागा पुन्हा मोकळी. या घोषणांची एक गंमत आहे. त्यांत पहिला आकडा नेहमी बघणाऱ्यांचा असतो. खेळणारे किती, रोज पहाटे तिथे कोण येणार, फाटकाचे कुलूप कोण उघडणार, याचा आकडा मी तरी कुठल्या घोषणेत ऐकलेला नाही.

आता या जुन्या हौसेला नवे निमित्त मिळाले आहे. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी ग्लासगोच्या सभेत २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा अहमदाबादला देण्यात आल्या. १९३० मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टनला सुरू झालेल्या या स्पर्धांचे ते शंभरावे वर्ष. २०३६ च्या ऑलिंपिकसाठीही भारताने अहमदाबादच पुढे केले आहे. एक लाख बत्तीस हजार प्रेक्षक मावणारे मोटेराचे स्टेडियम तिथे आहेच. नारणपुऱ्यातले वीर सावरकर क्रीडा संकुल सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाले. आपले सुरगाणा आणि पेठ हे तालुके तर गुजरातच्या हद्दीला लागूनच आहेत. तेव्हा एखादा खेळ, एखादा सराव तळ, गेलाबाजार एखाद्या संघाचा मुक्काम तरी नाशिकला मिळावा असे कोणाला वाटले तर त्यात वावगे काही नाही. उद्या कोणीतरी ही मागणी करील, आणि मागणी अर्थातच स्टेडियमची असेल. माझे म्हणणे एवढेच आहे, की मागायचे तर जरूर मागावे, पण खुर्च्या मागू नयेत.

का ते सांगण्यासाठी नाशिक जिल्ह्याची पदके एकदा ओळीने मांडायला हवीत. हरसूल परिसरातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ घेऊन आली. राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने याच शर्यतीत रौप्य मिळवले. पुढे संजीवनी जाधवने २०१७ मध्ये भुवनेश्वरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पाच हजार मीटरचे ब्राँझ जिंकले. दोघीही प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली, भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर तयार झालेल्या. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या कामावर जायचा. सैन्यात भरती झाल्यावर त्याच्या हातात पहिल्यांदा वल्हे आले, तेही पुण्यात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तो तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत बसून सुवर्णपदक घेऊन आला. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पुरी केली. ती पुरी करणारा तो पहिला भारतीय संघ. आणि बुद्धिबळात विदित गुजराथी, २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमधल्या सुवर्णविजेत्या भारतीय संघाचा खेळाडू.

ही यादी अभिमानाने वाचायची पद्धत आहे. मी ती जरा वेगळ्या नजरेने वाचतो. लांब पल्ल्याचे धावणे, सायकल, बुद्धिबळ. हे तिन्ही खेळ असे आहेत की त्यांना सार्वजनिक पैशातून बांधलेली जवळपास कुठलीच सोय लागत नाही. रस्ता असला, पट असला, घरच्यांचा पाठिंबा आणि एक खमका प्रशिक्षक असला की सुरुवात होते. नौकानयन जिल्ह्याबाहेर, लष्कराने शिकवले. या यादीत बांबूउडी नाही, अडथळ्यांची शर्यत नाही, जलतरण नाही, हॉकी नाही. बांबूउडीला खाली जाड गादी लागते, अडथळ्यांना नीट आखलेला ट्रॅक लागतो, पोहणाऱ्याला तलाव लागतो. आदिवासी पट्ट्यातल्या मुलींच्या रक्तातच धावणे आहे, असे कौतुकाने म्हटले जाते. त्यांच्या रक्तात उंच उडी नव्हती हे कोणी तपासले? त्यांना गादीच कोणी दाखवली नाही. आपल्या पदकांची यादी हा आपल्या सोयींचा नकाशा आहे, आणि त्यात कोऱ्या जागा फार आहेत.

जिथे सोय होती तिथे काय झाले, याचा दाखलाही नाशिकमध्येच आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनचे ब्राँझ जिंकणारा स्वप्निल कुसाळे मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. पण नेमबाजीचे पहिले धडे त्याने नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत गिरवले. राज्य सरकारची निवासी योजना, एक रेंज, एक प्रशिक्षक, जेवण आणि शाळा. त्या रेंजला प्रेक्षक गॅलरी किती जणांची होती, हे कोणाला विचारायची गरज वाटत नाही. नेमबाजी बघायला तसेही कोणी जात नाही.

इथे एक धोका आहे, तो आधीच बाजूला काढतो. ‘कविता अनवाणी धावली, दत्तू विहिरी खोदत होता, तरी पोहोचलेच ना? मग सोयी कशाला?’ असा युक्तिवाद कोणी उघड करत नाही, पण आपल्या वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तो दडलेला असतो. हालअपेष्टांचे इतके कौतुक आपल्याला का वाटते? कारण ते स्वस्त पडते. अनवाणी पायांवर सरकारचा एक रुपया खर्च होत नाही. पोहोचलेल्या एकीची कहाणी छापून येते. जी गुडघा दुखावून बाराव्या वर्षी थांबली, जिला फिजिओथेरपिस्ट हा शब्दही माहीत नव्हता, तिची बातमी होत नाही. म्हणून सोयी लागतातच. प्रश्न कोणत्या सोयी आणि कोणासाठी, एवढाच आहे.

आता मोठ्या स्पर्धेच्या बाजूने जे बोलतात त्यांचे म्हणणे ऐकू. ते म्हणतात, स्पर्धा मिळाल्याशिवाय आपल्याकडे पैसा सुटत नाही आणि तारीख डोक्यावर असल्याशिवाय काम होत नाही. हे खरे आहे. पुण्याचे बालेवाडी हा त्याचा पुरावा. म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवारात सुमारे दीडशे एकरांवर श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल उभे राहिले ते १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी. त्या स्पर्धा पुण्याला नसत्या तर ती जमीन आज आयटी कंपन्यांच्या इमारतींखाली असती, याविषयी मला शंका नाही. पुढे ऑक्टोबर २००८ मध्ये युवा राष्ट्रकुल स्पर्धा आल्या, एकाहत्तर देशांचे खेळाडू आले, आणि त्यासाठी सगळ्या संकुलाची पुन्हा डागडुजी झाली. भारत तेहेतीस सुवर्णपदकांसह पहिला आला. नंतर २०१८ पासून काही वर्षे एटीपी टेनिस तिथे झाले, २०२२ च्या महिलांच्या आशिया चषक फुटबॉलचे काही सामने झाले. म्हणजे बालेवाडी वाया गेले असे म्हणणे अन्यायाचे होईल.

पण बालेवाडीचे काय टिकले आणि काय निव्वळ उभे राहिले, हे बघण्यासारखे आहे. टिकले ते रोज वापरले जाणारे: नेमबाजीची रेंज, तिथेच पुढे स्वप्निलने वर्षानुवर्षे सराव केला. तलाव टिकला, वसतिगृह टिकले. याउलट जे भाग समारंभासाठी होते त्यांना समारंभच शोधत बसावे लागले. आणि समारंभाची सवय लागली की काय होते ते जून २०२१ मध्ये दिसले. एका बैठकीला आलेल्या नेत्यांच्या गाड्या थेट ॲथलेटिक्सच्या ट्रॅकवर लावल्या गेल्या. बोभाटा झाला, क्रीडा आयुक्तांनी दिलगिरी व्यक्त केली, विषय संपला. माझ्या मते तो संपायला नको होता. सिंथेटिक ट्रॅक म्हणजे डांबराच्या पायावर पॉलियुरेथेनचा जेमतेम तेरा मिलिमीटरचा थर. साधारण दहा वर्षांत तो नव्याने घालावा लागतो, तोही नीट झाडला-धुतला तर. स्पाइक्सच्या खिळ्यांची लांबीसुद्धा नियमात बसवलेली असते, कारण जास्त लांब खिळ्यांनी थर फाटतो. त्यावरून मोटार नेणाऱ्याला तो फक्त लाल रंगाचा रस्ता वाटतो. हे अडाणीपण एका चालकाचे नव्हते. त्या जागेचा मालक कोण, पाहुणा की धावणारा, याविषयीची ती सगळ्या व्यवस्थेची समजूत होती.

आपल्या सगळ्या क्रीडा संकुलांची ही दुखरी जागा आहे. राज्याच्या योजनेत तालुका संकुलाला पूर्वी एक कोटी मिळत, ती मर्यादा पाच कोटी झाली; जिल्हा संकुलाची आठवरून पंचवीस, विभागीय संकुलाची चोवीसवरून पन्नास कोटी. वाढ चांगलीच आहे. पण हा पैसा बांधकामाचा. बांधून झाल्यावर मैदानावर रोज पाणी मारणारा माळी, तलावाचा पंप चालवणारा माणूस, रात्रीचा पहारेकरी, फुटलेल्या जाळ्या, विजेचे बिल, हे सगळे संकुल समितीने स्वतःच्या उत्पन्नातून बघायचे. समिती उत्पन्न कुठून आणणार? मग गॅलरीखाली गाळे निघतात, मैदान प्रदर्शनाला जाते, लग्नाला जाते, राजकीय सभेला जाते. राज्यातल्या कितीतरी स्टेडियमांचे बाहेरून दर्शन घेतले तर ती मोबाइल दुरुस्तीची आणि झेरॉक्सची बाजारपेठ वाटते. यात कोणी चोर असावा लागत नाही. कोनशिलेवर नाव कोरता येते आणि माळ्याच्या पगारपत्रकावर कोरता येत नाही, एवढे कारण पुरते.

खुर्च्यांचा मुद्दा इथे येतो. गॅलरी ही बांधायला महाग आणि सांभाळायला त्याहून कटकटीची. तिच्याखाली स्वच्छतागृहे हवीत, वर छप्पर हवे, अग्निशमनाची व्यवस्था हवी, वाहनतळ हवा. हे सगळे वर्षातल्या काही दिवसांसाठी. ट्रॅकची एक लेन मात्र एक मीटर बावीस सेंटिमीटर रुंद असते आणि ती वर्षाचे सगळे दिवस राबते. ठरावीक निधीत गॅलरी मोठी केली की सरावाची जागा आक्रसते. नकाशा बघणाऱ्या कोणत्याही वास्तुविशारदाला हे ठाऊक असते. म्हणून पुढच्या वेळी कोणी क्षमता सांगू लागले की आपण विचारावे, साहेब, लेन किती?

दिल्लीचे उदाहरण सगळ्यांच्या तोंडी असते म्हणून थोडक्यात आटोपतो. जवाहरलाल नेहरू स्टेडियम १९८२ च्या आशियाई स्पर्धांसाठी बांधले, २०१० साठी प्रचंड खर्चाने नवे केले, आणि २०२५ मध्ये ते पाडून तिथे क्रीडानगरी उभारण्याची चर्चा सुरू झाली. २०१० च्या स्पर्धांचा एकूण खर्च महालेखापालांच्या अहवालात १८,५३२ कोटींवर गेला होता. मला त्याहून बोलके वाटते ते १९८२ चेच दुसरे उदाहरण. तेव्हा नौकानयनाच्या शर्यती दिल्लीत नव्हे, जयपूरजवळच्या रामगढ तलावावर झाल्या होत्या. पुढे पाणलोटात बांध, शेततळी, अतिक्रमणे होत गेली आणि तो तलाव कोरडा पडला. म्हणजे आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे ठिकाण अक्षरशः आटून गेले. दत्तू भोकनळच्या जिल्ह्यात नौकानयनाचे केंद्र व्हावे ही कल्पना कोणालाही भुरळ घालणारी आहे. पण त्याला दोन हजार मीटरची सरळ, शांत पाण्याची पट्टी लागते. आपल्याकडे असे पाणी म्हणजे धरण, आणि गंगापूर धरण म्हणजे नाशिकच्या नळाचे पाणी. खाली जायकवाडीचा वाटा, मे महिन्यातली खालावलेली पातळी, दर दोन-चार वर्षांनी पेटणारा पाणीवाटपाचा वाद. इथे खेळाचे ठिकाण बांधायचे तर आधी पाणलोटाचा हिशेब मांडावा लागेल. पन्नास बाय पंचवीस मीटरचा दोन मीटर खोल पोहण्याचा तलाव भरायचा म्हटले तरी पंचवीस लाख लिटर पाणी लागते. पाण्याची फेरशुद्धी करणारी यंत्रणा नीट चालली तर ते परवडते; ती बंद पडली की दर महिन्याला तलाव उपसून पुन्हा भरण्याचा उद्योग सुरू होतो आणि उन्हाळ्यात त्याला टाळे लागते.

नाशिकच्या आकाराच्या शहरांनी ज्यातून शिकावे असा सगळ्यात ताजा धडा ऑस्ट्रेलियातला आहे. व्हिक्टोरिया राज्याने २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धा घेतल्या होत्या, आणि कल्पना मोठी देखणी होती: मेलबर्नसारख्या महानगरात सगळे न भरवता जिलाँग, बॅलरॅट, बेंडिगो, गिप्सलँड अशा लहान शहरांत आणि ग्रामीण भागात खेळ वाटून द्यायचे. प्रत्येकाला काहीतरी मिळेल. पण प्रत्येक ठिकाणी नवे स्टेडियम, नवे खेळाडूग्राम, नवी वाहतूक म्हटल्यावर खर्च २.६ अब्ज डॉलरवरून सहा अब्जांच्या वर चालला. जुलै २०२३ मध्ये सरकारने हात वर केले आणि आयोजकांना ३८ कोटी डॉलर भरपाई दिली. स्पर्धा ग्लासगोने घेतल्या, त्या कशा? दहाच खेळ, चारच ठिकाणे, सगळी आधीपासून असलेली. व्हिक्टोरियाचे पैसे कुठे बुडाले ते पाहा. लहान शहरांना सोयी द्याव्यात हा हेतू चुकीचा नव्हता. त्या सोयी बारा दिवसांच्या तारखेला आणि त्या बारा दिवसांच्या गर्दीला बांधल्या, तिथे गणित फसले. गंमत म्हणजे स्पर्धा रद्द करतानाही त्या सरकारने लहान शहरांतल्या कायमच्या क्रीडा सोयी बांधण्याचे वचन दिलेच. म्हणजे स्पर्धेशिवायही ते करता येत होते तर!

पॅरिसने २०२४ मध्ये याच्या उलटे केले. पंच्याण्णव टक्के ठिकाणे एकतर आधीची किंवा तात्पुरती. पोहण्याच्या शर्यती त्यांनी चक्क रग्बीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये तात्पुरता तलाव बसवून घेतल्या, स्पर्धा संपल्यावर तो उचलला. कायमचा तलाव बांधला तो साँ-दनी या कष्टकरी, स्थलांतरितांच्या वस्तीत, जिथल्या मुलांना पोहायला तलाव पुरत नव्हते. त्याच्या पाच हजार खुर्च्या स्पर्धेनंतर निम्म्यावर आणायच्या, हेही आराखड्यातच ठरलेले. तात्पुरते काय आणि कायमचे काय, एवढे आधी ठरले की निम्मी उधळपट्टी वाचते.

आणि तात्पुरते उभारण्याच्या कामात नाशिकला पॅरिसकडून काय शिकायचे? दर बारा वर्षांनी सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी हे शहर तपोवनात शेकडो एकरांवर एक आखे नगर वसवते. रस्ते, नळ, वीज, शौचालये, रेशनचे दुकान, दवाखाना, पोलीस चौकी, हरवले-सापडले केंद्र. लाखोंची गर्दी एका पर्वणीला रामकुंडाकडे जाते आणि परत येते. मग नगर उचलले जाते. २०१५ चा सिंहस्थ ज्यांनी उभारला त्या महापालिकेच्या अभियंत्यांना, पोलिसांना, मंडपवाल्यांना जे कळते ते राष्ट्रकुल स्पर्धेच्या कुठल्याही सल्लागार कंपनीला कळत नसेल. राष्ट्रकुल स्पर्धेला येतात त्या खेळाडूंची संख्या पाच-सहा हजारांच्या आत असते. आमच्या एका आखाड्याच्या मिरवणुकीपुढे ती किरकोळ.

मात्र तात्पुरत्याच्या नावाखाली काहीही खपते असे नाही, हेही नाशिकनेच दाखवून दिले. २०२७ च्या कुंभासाठी साधुग्राम उभारताना तपोवनातली अठराशेच्या आसपास झाडे हलवण्या-तोडण्याची नोटीस २०२५ च्या शेवटी निघाली, तेव्हा नागरिक रस्त्यावर उतरले आणि प्रकरण हरित लवादापर्यंत गेले. त्याच सुमारास त्या जागेवर कायमचे प्रदर्शन केंद्र उभारण्याची निविदाही गाजली. लोकांचा संताप साधूंवर नव्हता. महिनाभराच्या कारणाने कायमचे काही गमवायचे, किंवा महिनाभराच्या जागेवर हळूच कायमचे काही बांधायचे, यावर होता. उद्या खेळाच्या नावाने हेच झाले तर तोच संताप व्हायला हवा. गोल्फ क्लबचे मैदान आठवा. गोल्फ केव्हाच गेला, पाटीवर हुतात्मा अनंत कान्हेरेंचे नाव आले, पण लोक अजून गोल्फ क्लबच म्हणतात. सकाळी तिथे चालणारे, धावणारे, क्रिकेटच्या शिबिराची पोरे एकत्र नांदतात. रणजी सामना आला की तात्पुरती व्यवस्था उभी राहते, शहर गर्दी करते, सामना संपला की मैदान पुन्हा लोकांचे. या मैदानाला कायमच्या गॅलऱ्यांचे कडे घालून ‘आंतरराष्ट्रीय’ करा, म्हणजे फाटकावर पास मागणारा माणूस बसलाच. मला विचाराल तर नाशिकमधले सर्वांत यशस्वी क्रीडा-ठिकाण ते आहे, कारण ते अजून अर्धवट आहे.

मग मोठ्या स्पर्धेच्या निमित्ताने मागायचे काय? स्पर्धाच हवी असेल तर रस्त्यावरची मागावी. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर ही पाच दिवसांची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. ४३७ किलोमीटरचा मार्ग, परदेशी संघ, आणि त्यासाठी घाटांतले, गावांतले रस्ते दुरुस्त झाले. शर्यत गेली, रस्ते मुळशी-मावळ-पुरंदरच्या लोकांना राहिले. महाजन बंधूंच्या गावाने, जिथे दर रविवारी त्र्यंबक रस्त्यावर सायकलींचे थवे दिसतात, त्याने अशी शर्यत मागितली तर कोण नाही म्हणेल? किंवा खो-खो मागावा. जानेवारी २०२५ मध्ये पहिला खो-खो विश्वचषक दिल्लीत झाला, तो १९८२ साली बांधलेल्या इंदिरा गांधी बंदिस्त स्टेडियममध्ये, मॅट अंथरून. भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. छप्पर आणि मॅट, एवढ्यावर विश्वचषक होतो.

छपरावर मी मुद्दाम जोर देतो आहे. हरसूल, पेठ, सुरगाणा, इगतपुरी या पट्ट्यात जून ते सप्टेंबर मैदान नावाची वस्तू शिल्लक राहत नाही, चिखल असतो. आणि शालेय स्पर्धांचे दिवस नेमके पावसाळ्याच्या शेपटाला येतात. शहरातल्या मुलांनी तोवर सराव केलेला असतो, आश्रमशाळेची मुले ओल्या मैदानाच्या कडेला उभी असतात. तिथे चाळीस हजारांचे स्टेडियम नको आहे. पत्र्याचे उंच छप्पर, खाली कबड्डी-खो-खोची मॅट, एका बाजूला उंच उडीची गादी आणि वजनांची खोली. अशी चार-पाच केंद्रे हरसूल, सुरगाणा, कळवण, इगतपुरीत, आणि शहरात एक असा ट्रॅक जो सकाळी पाच वाजता उघडतो आणि ज्यावर दुसरे काहीही भरत नाही. प्रत्येक केंद्राला पगारी प्रशिक्षक, त्यातली निम्मी पदे स्त्रियांसाठी. मुलींना संध्याकाळी सातनंतर सरावाला पाठवताना ‘शिकवायला बाई आहेत का?’ हाच पहिला प्रश्न आईबाप विचारतात. आणि बांधकामाच्या निधीइतकीच पक्की, दहा वर्षांची देखभालीची तरतूद, जी गाळ्यांच्या भाड्यावर अवलंबून नसेल.

याला ‘भव्यता’ नाही, हा आक्षेप येणारच. शहराची ओळख, पर्यटन, आयपीएलचे सामने, टीव्हीवर दिसणारे नाशिक. या गोष्टींना किंमत नाही असे मी म्हणत नाही. पण आयपीएलचा सामना आणणारे त्याचा खर्च स्वतः करू शकतात, त्यांच्याकडे पैसा आहे. सरकारी पैसा तिथे घालावा जिथे दुसरे कोणी घालणार नाही. पेठ तालुक्यात उंच उडीची गादी ठेवायला कोणी प्रायोजक येणार नाही.

२०३० मध्ये अहमदाबादला जी मुलगी विशीत धावेल ती आज दहावीच्या आसपास आहे. तिच्यासाठी स्पर्धेआधी सहा महिने पूर्ण होणारे स्टेडियम निरुपयोगी. तिला यंदाच्या पावसाळ्यात कोरडी जागा हवी. तेव्हा नाशिकच्या आमदार-खासदारांनी दिल्ली-मुंबईत काही मागावे तर आधी आहे त्या संकुलांच्या माळ्यांचे आणि प्रशिक्षकांचे पगार मागावेत. आणि तुम्ही-आम्ही? आपल्या तालुक्याचे क्रीडा संकुल आज किती वाजता उघडले, त्याच्या देखभालीला यंदा जिल्हा नियोजन समितीने किती रुपये ठेवले, हे माहिती अधिकाराचा एक अर्ज करून विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात.